क्लिप कापायचीय पण अपलोड करायची नाही? मग हे वाच

हे बघ, घरच्या बारशाचा व्हिडिओ कुठल्याही अनोळखी साइटवर चढवायची गरज नाही, ब्राउझरमध्येच कापता येतो. एफएफएमपेग म्हणून व्हिडिओ कापायचं-बदलायचं टूल आहे, 2000 पासूनचं, वेबअसेंब्लीमुळे (ब्राउझरमध्येच जड प्रोग्राम चालवायचं तंत्र) ते आता टॅबमध्येच चालतं आणि फाइल तुझ्याच मशीनवर राहते. पण असं टूल देणाऱ्या साइटवर 'फाइल अपलोड होत नाही' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस. आधी इन्कॉग्निटोमध्ये एखादी फालतू क्लिप कापून बघ म्हणजे लागणारं सगळं लोड होतं, मग वायफाय बंद कर, आता खरी फाइल निवड, काप, सेव्ह कर आणि टॅब बंद केल्यावरच नेट चालू कर. नेटशिवाय कापलंच नाही तर ती साइट सोडून दे.

आता महत्त्वाचं, इथे बरेच जण फसतात. री-एन्कोड न करता, म्हणजे व्हिडिओ नव्याने न बनवता, कापलं की झटपट होतं, क्वालिटीही जात नाही, पण असा कट कीफ्रेमपासूनच (मध्ये मध्ये पूर्ण साठवलेली फ्रेम) सुरू होतो आणि दोन कीफ्रेममध्ये काही सेकंदांचं अंतर असू शकतं, म्हणजे तू 0:10 टाकलं तरी 0:07 पासूनचं फुटेज फाइलमध्ये राहू शकतं, प्लेअरमध्ये दिसलं नाही तरी! कुणाचा चेहरा किंवा आधार कार्ड काढायचं असेल तर री-एन्कोडच कर, वेळ लागला तरी चालेल.

फोनच्या व्हिडिओत लोकेशनही असू शकतं, मेटाडेटा (फाइलमधली अशी लपलेली माहिती) काढायचा ऑप्शन असेल तर टिक कर. आणि 2 जीबीच्या वरची फाइल टॅबमध्ये बहुतेक अडकतेच, तिथे लॉसलेसकट हे व्हिडिओ कापायचं ॲप कॉम्प्युटरवर इन्स्टॉल कर, फुकट आहे.