आवशीक, आवशीन, आवशीचो: शब्द एक की तीन?

प्रश्न: मॅडम, मी कुडाळजवळच्या शाळेत शिक्षक आहे. दोन वर्षं झाली, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मालवणी शब्द गोळा करतोय, मुलं पण मदत करतात, सगळं एक्सेलमध्ये टाकलंय. आता तीन हजारच्या वर ओळी झाल्यात, पण आवस (आई), आवशीक (आईला), आवशीन (आईने), आवशीचो (आईचा) असं सगळं वेगवेगळं पडलंय आणि इलो (आला) एकीकडे तर येवक (यायला) भलतीकडे. शब्दकोश करायचा तर हे सगळे वेगळे शब्द धरायचे का? की मूळ शब्द ठेवून बाकीचे डिलीट करू?

उत्तर: सर, आधी एक हात जोडून विनंती, डिलीट काहीच करू नका. मी सुरुवातीला एकदा अशीच साफसफाई केली होती, "डुप्लिकेट" समजून रूपं उडवली आणि त्यांच्यासोबत ती वाक्यं पण गेली ज्यांत ती रूपं आली होती, नंतर ज्या आजींनी सांगितलं होतं त्याच राहिल्या नाहीत. ती फाईल आहे तशी वेगळी कॉपी करून ठेवा, तिला हात लावायचा नाही, काम दुसऱ्या फाईलमध्ये.

आता मुख्य मुद्दा. नोंद शब्दाची करायची आणि रूपं त्या नोंदीच्या पोटात घालायची. आवस ही एक नोंद, स्त्रीलिंगी, आणि तिच्या खाली सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलून होतो ते, आवशी. एवढं लिहिलं की आवशीक, आवशीन, आवशीचो आपोआप कळतात, कारण क, न, चो हे प्रत्यय सगळीकडे तेच आहेत, ते व्याकरणाच्या पानावर एकदाच लिहायचे. पण सामान्यरूप मात्र प्रत्येक नामाचं लिहायलाच हवं, कारण ते ओळखता येत नाही. झीलचं (मुलगा) झिला, चेडूचं चेडवा, बापूसचं बापाशी, आता चेडू माहीत असलेल्या बाहेरच्या माणसाला चेडवाक हे कसं सुचणार? आणि चेडू म्हणजे मुलगी असली तरी शब्द नपुंसकलिंगी आहे, तेव्हा लिंगाचा कॉलम अर्थावरून भरू नका, लोक "चेडू इला" म्हणतात की "इली" ते ऐकून भरा.

क्रियापदांत वेगळी गोष्ट. सांगल्यान, म्हणजे त्याने सांगितलं, हे रूप नियमात बसतं, दर क्रियापदाखाली लिहायची गरज नाही, एकदा नियम आणि एक खरं वाक्य पुरे. पण ये आणि इलो यांचं तोंड एकमेकांशी जुळत नाही, तिथे इलो हे रूप येवकच्या नोंदीत तर लिहायचंच, शिवाय इलो अशी स्वतंत्र छोटी नोंद करून "पहा येवक" एवढंच टाकायचं. पुण्यामुंबईत वाढलेलं पोर आजीचं वाक्य ऐकून इलोच शोधणार ना, ये थोडंच शोधणार! गेलोचं पण तसंच करा.

शीर्षकाला कुठलं रूप घ्यायचं हे पण ठरवा. मोल्सवर्थने १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात क्रियापदं णें लावून दिली, मराठीत तीच सवय पडली, पण मालवणीवर णे लादू नका प्लीज. गावातलं माणूस ज्या रूपाने शब्द सांगतं ते शीर्षकाला, धातू वेगळ्या रकान्यात. एसआयएल या भाषांवर काम करणाऱ्या संस्थेचं फील्डवर्क्स लँग्वेज एक्सप्लोरर म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे, लोक त्याला फ्लेक्स म्हणतात, त्यात हे दोन रकाने आधीच वेगळे असतात, पर्यायी रूपांना पण जागा असते. पुढे कधी तिकडे जा, आत्ता एक्सेल चालेल.

एक्सेलमध्ये दोन शीट करा. पहिलीत नोंदी, दुसरीत रूपं, एका ओळीत एकच रूप, स्वल्पविराम देऊन एका चौकटीत चार रूपं कोंबू नका, पुढे शोधताना फार त्रास होतो. दोन्ही शीट जोडायला नंबर वापरा, शब्द नाही. बसायचा पाट, पाण्याचा पाट आणि तुमच्याच तालुक्यातलं पाट गाव, तिन्हींचं स्पेलिंग एक, शब्दावरून जोडाल तर सगळं एकमेकांत मिसळेल. खंय आणि खय (कुठे) असा फरक दिसला तर दोन्ही ठेवा, एक शीर्षकाला आणि दुसरं पर्यायात, सोबत कुठल्या वाडीत ऐकलं ते.

अजून एक गोष्ट जी डोळ्यांना दिसत नाही. म्हाताऱ्याक मधला ऱ्य काही कीबोर्ड खाली टिंब असलेल्या ऱ ने बनवतात, काही साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं एक अक्षर घालतात. स्क्रीनवर सेम टू सेम, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. मुलं आपापल्या मोबाईलवर टाइप करत असतील तर तुमच्या फाईलमध्ये हे नक्की असणार, फाइंड-रिप्लेसने सगळे एकसारखे करून घ्या. आणि सीएसव्ही सेव्ह करताना यूटीएफ-८ वालाच पर्याय निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात.

सगळ्या तीन हजार ओळी एकदम नका घेऊ. आधी नात्याचे शब्द घ्या, आवस, बापूस, झील, चेडू, घोव (नवरा), कारण सामान्यरूपाचे अवघड प्रकार तिथेच पटापट भेटतात, पन्नासेक नोंदी झाल्या की कुठला रकाना कमी पडतोय ते तुम्हालाच दिसेल.