थरोबास शिकून पोट भरेल का?

प्रश्न : मी वसईची, यंदा बारावीला आहे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. सरांनी थरोबास सुरू केलाय : बासच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या ओळीच्या सुरांखाली आकडे असतात, त्यावरून कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवायच्या. बाबा म्हणतात, तीनशे वर्षांपूर्वीची ही विद्या आता कोणाला हवीये? कॉर्ड तर कॉम्प्युटरही लावतो. मला संगीतातच करिअर करायचंय. हे शिकू की सोडू?

उत्तर : शीक. मात्र वहीत गणितं सोडवल्यासारखं नको, ऑर्गनवर बसून शीक.

समज, बासला ई आहे आणि खाली काहीच लिहिलेलं नाही. मग वर जी आणि बी. त्याच ईखाली 6 असेल, तर जी आणि सी. म्हणजे कॉर्ड सी मेजरचीच, फक्त तळाला ई. गिटारवाले ‘सी स्लॅश ई’ म्हणतात, तेच हे. पण थरोबासचा खरा कस पुढे लागतो. पुढच्या कॉर्डवर जाताना कुठला सूर जागेवर धरायचा, कुठला एक पायरी खाली आणायचा? गाणारी हळू आवाजात गात असेल तर दोनच सूर पुरतील का? आकडे हे सांगत नाहीत. वाजवणाऱ्यानं तिथल्या तिथे ठरवायचं असतं. चांगला साथीदार घडतो तो इथेच.

बाबांना इटलीतल्या नेपल्सबद्दल सांग. तिथल्या चार जुन्या कॉन्झर्व्हेटरी (संगीतशाळा) म्हणजे मुळात अनाथ, गरीब मुलांना आसरा देणाऱ्या संस्था. 18व्या शतकात तिथली मुलं बासची एक ओळ समोर ठेवून तिच्यावर अख्खी रचना हातानं उभी करायला शिकत. पेर्गोलेसी आणि चिमारोझा हे संगीतकार तिथेच घडले. त्या मुलांसाठी ही पोटापाण्याचीच विद्या होती.

आता स्पष्ट सांगते. नुसत्या थरोबासवर मुंबईत पगार मिळणार नाही. कॉयरची साथ, अरेंजिंग, शिकवणी या कामांत मात्र तो रोज उपयोगी पडेल. युरोपात बरोक संगीत (साधारण 1600 ते 1750 या काळातलं) वाजवणाऱ्या समूहांत हे काम करणाऱ्याची वेगळी जागा असते, आणि बाझलच्या स्कोला कँटोरममध्ये, द हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत ते रीतसर शिकता येतं. तो खर्चाचा निर्णय आज घेऊ नकोस. आधी पणजीची कला अकादमी आणि चेन्नईची केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी इथे चौकशी कर. फी विचारशीलच, पण कीबोर्डवर हार्मनी कोण शिकवतं आणि आठवड्याला किती वेळ, हेही विचार.

तोवर इटालियन संगीतकार कोरेल्लीच्या 1700 साली छापलेल्या व्हायोलिन सोनाटा घे. व्हायोलिन वाजवणारं कुणीतरी सोबत हवंच. संथ भाग आधी घे. आजच्या बऱ्याच आवृत्त्यांत उजव्या हाताचे सूर संपादकानं भरून दिलेले असतात. ते कागदानं झाक, आणि फक्त बास नि आकडे वाचून वाजव.