ऊन, तीन चाकं आणि वीस वर्षांची वाट

मागच्या अंकात अपटेरा या सोलर गाडीचा ओझरता उल्लेख केला काय आणि पत्रांचा, मेलचा पाऊसच पडला. म्हणून या वेळी गिअर, मायलेज, क्लच प्लेट सगळं बाजूला, फक्त हीच गाडी.

प्रश्न : सर, तुम्ही दोन ओळी लिहून विषय सोडून दिलात. मी २०२० च्या डिसेंबरपासून या गाडीचे व्हिडिओ बघतोय, बायको म्हणते घरात सवत आणलीय. पैसे वगैरे कुठे भरलेले नाहीत, नुसता फॅन आहे. गाडी येणारे की नाही एकदा सांगून टाका. – एक वाचक, शिरोली, कोल्हापूर

उत्तर : वहिनींना सांगा सवत बरीच जुनी आहे, २०२० ची नाही. स्टीव्ह फॅम्ब्रो नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात २००५-०६ च्या सुमारास हे सुरू केलं, मग ख्रिस अँथनी त्याला येऊन मिळाला. हवेला कमीत कमी अडणारी गाडी बनवायची एवढंच डोक्यात. पाण्याच्या थेंबासारखा आकार, दोन सीट, तीन चाकं. नाव ग्रीक, अर्थ 'पंख नसलेला', आणि खरंच बघितलं तर पंख काढून ठेवलेलं छोटं विमानच वाटतं. लोकांनी डिपॉझिट भरले, वाट बघितली, अमेरिकन सरकारच्या कर्ज योजनेत सुरुवातीला तीन चाकी वाहन बसतच नव्हतं (आपल्याकडे फॉर्ममध्ये रकाना नसला की काय होतं माहितीये ना, तेच), नियम बदलेपर्यंत वेळ गेला आणि २०११ च्या डिसेंबरात कंपनीला टाळं. डिपॉझिट मात्र परत केले, हे महत्त्वाचं.

२०१९ ला त्याच दोघांनी परत सुरू केलं, आता अंगावर सोलर पॅनल लावून, आणि २०२० च्या डिसेंबरात तुम्ही बघितला तो व्हिडिओ आला. तेव्हापासून तारीख पुढे पुढे. आधी प्रत्येक चाकात मोटर बसवणार होते, नंतर तो बेत सोडून पुढच्या दोन चाकांना मिळून एकच ड्राइव्ह युनिट (मोटर आणि गिअर एकत्र असलेला संच) घेतलं, म्हणजे सस्पेन्शनपासून बरंच काही परत मांडायचं. पण माझ्या मते खरी अडचण ही नाहीच. तुम्ही शिरोलीचे, एमआयडीसीच्या शेजारी राहता, तुम्हाला सांगायला नको की एक नग हाताने घासून पुसून उभा करणं वेगळं आणि रोज तसेच पन्नास काढणं वेगळं. साध्या गाडीची बॉडी पत्र्याच्या शेकडो तुकड्यांची असते, हिची मुख्य बॉडी कार्बन फायबरच्या मोजून सहा भागांची, इटलीत मोडेनाला बनवून घेतात. जोडकाम कमी, ऐकायला झकास, पण त्या सहा भागांचे साचे आधी बनवायला लागतात आणि त्याचे पैसे पहिली गाडी विकायच्या आधी मोजायचे.

आता हिशोब करा. बुकिंग ५० हजारांच्या घरात, प्रत्येकी १०० डॉलर धरले तरी झाले ५० लाख डॉलर. उत्पादन सुरू करायला कंपनी स्वतः सांगत होती साधारण ६ कोटी डॉलर. मधली दरी छोट्या छोट्या गुंतवणूकदारांकडून भरायची धडपड चाललीये, गावाकडे वर्गणी काढून मंदिराचा कळस बसवतात तशी, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात शेअर नॅस्डॅक या अमेरिकन शेअर बाजारातही आला. चालणारी गाडी आहे, फसवणूक वगैरे मला वाटत नाही. पण पहिल्या काहीशे गाड्या रडतखडत निघतील आणि त्या तिथल्या तिथेच संपतील असा माझा अंदाज. कोल्हापुरात दिसायची वाट बघू नका, व्हिडिओ बघा.

प्रश्न : काका, नुसत्या उन्हावर दिवसाला ६४ किमी हे खरं आहे का? आमच्याकडे ऊन तर फुकट आणि भरपूर. – इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : इंजिनीअरिंगला आहेस तर कागद घे. गाडीवर साधारण ७०० वॅटचे सेल. एकदम कडक, निरभ्र दिवस धरला, पावणेसहा तास पूर्ण ताकदीचं ऊन मिळालं असं समज, तर झाले ४ युनिट, म्हणजे ४००० वॅट-तास. कंपनी म्हणते गाडीला मैलाला १०० वॅट-तास लागतात, म्हणजे ४ युनिटमध्ये ४० मैल, तेच तुझे ६४ किमी. जादू पॅनलमध्ये नाहीये, गाडी इतकं कमी खाते त्यात आहे! आपल्याकडच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीला तेवढेच ४ युनिट दिले तर २५-२८ किमी जाईल. आणि नागपूरच्या उन्हाचं म्हणशील तर सोलर सेलला ऊन हवं असतं, ताप नको असतो. मे महिन्यात पॅनल ६५-७० डिग्रीला तापलं की वीज दहा-पंधरा टक्के सहज कमी होते. तेवढ्याच उन्हातून गार सेल तापलेल्या सेलपेक्षा जास्त वीज काढतात. शिवाय ६४ हा बेस्ट केस, गाडी दिवसभर उघड्यावर उभी, ढग नाही, धूळ नाही. बाकी दिवशी इतरांसारखं प्लग लावायचाच.

प्रश्न : आम्ही सॅन होजेला असतो. नवऱ्याचा पन्नासावा वाढदिवस पुढच्या वर्षी आहे, त्याला ही गाडी प्रचंड आवडते. गुपचूप बुक करून ठेवू का? – एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : ताई, बुक करायचीच तर पैसे परत मिळायच्या अटी आधी नीट वाचा आणि पुढच्या वाढदिवसाला मात्र घड्याळ घ्या. गाडी साठाव्याला म्हणून मनात धरा, आधी आली तर आनंदच. थट्टा सोडा, पण या जातीच्या गाड्यांचा इतिहास बघा. हॉलंडच्या लाइटइअरने अडीच लाख युरोची सोलर गाडी २०२२ च्या शेवटी फिनलंडमध्ये बनवायला घेतली आणि २०२३ च्या जानेवारीत बंद. पुढच्याच महिन्यात म्युनिकच्या सोनो मोटर्सने सिऑन नावाची गाडी रद्द केली, तिथे तर लोकांनी हजारो युरो आधीच भरलेले. एका कंपनीची गाडी भयंकर महाग, दुसरीची स्वस्त, दोघींचे पैसे कारखान्याच्या दारात संपले.

मी स्वतः एकदा एक ई-स्कूटर बुक केली होती, कंपनीचं नाव घेत नाही. 'पुढच्या महिन्यात' असा मेसेज १४ महिने येत होता. त्या नादात जुनी स्कूटर आधीच विकून बसलो आणि वर्षभर मेव्हण्याची मागून नेत होतो, तो अजून ऐकवतो. तेव्हा घरातली गाडी विकू नका, एवढं बघा.

प्रश्न : तीन चाकी म्हणजे वळणावर रिक्षासारखी कलंडणार नाही का? – एक रिक्षाचालक, महाड

उत्तर : ही उलटी रिक्षा आहे दादा. तुमचं एक चाक पुढे, हिचं मागे. वळताना ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, रिक्षात ते एकट्या चाकावर येतं म्हणून ती कलते, इथे पुढे दोन चाकं आहेत, तीही ऐसपैस पसरलेली. गाडीची रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास, इनोव्हापेक्षा चांगली हातभर जास्त. तीन चाकांमुळे अमेरिकेत ती कायद्याने कारमध्ये नाही तर मोटरसायकलच्या खात्यात जाते.

मला काळजी वेगळीच आहे. आपण खड्डा दिसला की दोन चाकांच्या मधे घेतो ना? इथे मागचं चाक बरोबर मधोमध, म्हणजे पुढची दोन सुटली की तिसरं शिस्तीत खड्ड्यात. महाडला येता-जाता हायवेवर काय होईल तुम्हीच सांगा.

प्रश्न : मग आपल्या पुण्याची ईवा? तिलाही टपावर सोलर आहे म्हणतात. आमच्या सोसायटीत पार्किंग बेसमेंटला आहे. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : वायवे मोबिलिटी कंपनीची छोटी इलेक्ट्रिक गाडी ईवा, बरोबर. २०२३ च्या ऑटो एक्स्पोत दाखवली, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला किमती सांगितल्या, बॅटरी भाड्याने घेतली तर सव्वातीन लाखांपासून. सोलरवर वर्षाला ३००० किमीपर्यंत असा त्यांचा दावा, म्हणजे दिवसाला आठेक किमी. ऐकायला कमी वाटतं, पण कोथरूड ते डेक्कन जाऊन येऊन होतं आणि आकडा पटण्यासारखा वाटतो. बाकी तारखांच्या बाबतीत वर लिहिलेलं सगळं इथेही लागू.

बेसमेंटचं मात्र बघायला लागेल. आपण जन्मभर झाडाची सावली शोधून गाडी लावली, सावलीच्या जागेसाठी भांडलो, आता गाडी म्हणते मला उन्हात ठेव. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला उघड्यावरचं पार्किंग मागा. कोणी हरकत घेणार नाही, ते कोणालाच नको असतं.