'जामिनावर' सुटला की 'जातमुचलक्यावर'?

प्रश्न असा: अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टाने आरोपीला 'अनसिक्युअर्ड बॉण्ड'वर सोडलं, तर मराठीत काय लिहावं?

माझं उत्तर: जातमुचलक्यावर. जामीन हा मुळात माणूस. अरबी 'ज़ामिन' म्हणजे हमी घेणारा, आणि 'मी त्याला जामीन राहतो' म्हणताना आपण आजही माणसाबद्दलच बोलतो. जातमुचलक्यात तिसरा कुणी नसतो. 'तारखेला आलो नाही तर एवढी रक्कम भरीन' असं आरोपी स्वतःच लिहून देतो. अनसिक्युअर्ड बॉण्ड नेमका हाच. सुटताना एक डॉलरही ठेवावा लागत नाही. आपल्याकडे 'जातमुचलक्यावर जामीन मंजूर' असंही छापतात. ते रूढ आहे, पण या बातमीत नुसतं 'जामीन' लिहिलं की वाचकाला पैसे भरल्यासारखं वाटतं.

जुन्या दफ्तरी मराठीत यापेक्षा नेमके शब्द होते. हजर राहण्याची हमी तो हाजीरजामीन, पैशाची तो मालजामीन, वर्तणुकीची तो फैलजामीन. फेडरल कायदा समजायला मला हेच शब्द सर्वांत उपयोगी वाटतात. 1966 च्या कायद्यात, देहदंडाचे गुन्हे सोडले तर, प्रश्न हाजीरजामिनाचा होता: हा माणूस परत येईल का? 1984 च्या कायद्याने फैलजामिनाचा प्रश्न जोडला: बाहेर राहिला तर लोकांना धोका आहे का? 1987 मध्ये सालेर्नो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. मालजामिनाला मात्र कायद्यानेच लगाम घातलाय: केवळ पैशाच्या अटीमुळे माणूस आत राहील, अशी अट घालता येत नाही. राज्यांच्या अनेक कोर्टांत हीच रक्कम गरिबाला अडकवते.

'जामीन अर्ज फेटाळला' हेही फेडरल कोर्टाच्या बातमीत बहुधा चुकतं. कोठडी साधारणपणे सरकारी वकील मागतो. मग सुनावणी होते. ती पुढे ढकलायला सरकारला तीन दिवस मिळतात, आरोपीला पाच. कोर्टाचा प्रीट्रायल, म्हणजे खटल्यापूर्वीची चौकशी करणारा, अधिकारी आरोपीशी बोलून नोकरी, घर, आधीचे गुन्हे यांचा अहवाल देतो. त्यावरून पासपोर्ट जमा करणं, पायाला जीपीएस पट्टा अशा अटी ठरतात, नाहीतर 'खटल्यापर्यंत कोठडी'. बातमीत हेच शब्द वापरावेत.

'अजामीनपात्र'ही नको. आपल्यासारखी गुन्ह्यांची तशी विभागणी तिथे नाही. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत 'सोडू नये' असं गृहीतक असतं, पण आरोपीला ते खोडता येतं. प्रत्यक्षात ते जड जातं. कायद्याची भाषा सुटकेकडे झुकलेली असूनही फेडरल आरोपींपैकी निम्म्याहून अधिक आतच राहतात, आणि त्यांत स्थलांतराच्या गुन्ह्यांतले पुष्कळ असतात. मला हे फार अस्वस्थ करतं.

भावाने बॉण्डवर सही केली किंवा आईने घर तारण ठेवलं, तर मात्र खुशाल 'जामीन' लिहा. तिथे जामीन राहिलेलं माणूस खरोखरच आहे.