जेवताना हप्ता नको, हळद बोला

ताई, तुमच्या पत्रात प्रश्न तीन आहेत: जेवतानाच्या गप्पा, मुलांची मराठी शाळा आणि सासूबाईंचा प्रवासविमा. पण माझं लक्ष एकाच वाक्यावर अडलं. तुम्ही लिहिता, "जेवायला बसलो की मॉर्गेजचा दर, गॅसचं बिल, पौंडाचा भाव. अकरा वर्षांची लेक ताट घेऊन वर निघून जाते." तिचं काय चुकलं? परक्या देशात संसार उभा करताना हिशेब डोक्यातून जात नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण चौघं दिवसातून एकदाच एकत्र बसता आणि मुलांना ज्यात काही बोलताच येत नाही तोच विषय काढता, हे बरं नाही. हिशेबाला शनिवारी चहानंतरचा अर्धा तास द्या. रात्री रंगांवर बोला. रंग समोर ताटातच असतो आणि त्यावर पाच वर्षांचं पोर आजीइतकंच बोलू शकतं.

सुरुवात हळदीने करा. पांढऱ्या बशीत पाव चमचा हळद दोन चमचे पाण्यात कालवा आणि चिमूटभर खायचा सोडा घाला. पिवळ्याचा तांबूस होईल. वर लिंबू पिळा, फसफसून पुन्हा पिवळा. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य सोड्यासारख्या क्षारात लाल होतं. हळदीचं कुंकू चुन्याने लाल होतं ते याचमुळे. प्रयोग फसला तर डबा बघा. तिकडे 'बायकार्बोनेट ऑफ सोडा' हवा. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच मिसळलेलं असतं, म्हणून रंग नीट बदलत नाही. टेबलक्लॉथवर हळद सांडली आणि साबण लागताच डाग लाल झाला, तर घाबरू नका. धुवा आणि उन्हात टाका, प्रकाशाने तो फिका पडतो.

दुसऱ्या दिवशी पालक. अर्धी जुडी झाकण ठेवून वीस मिनिटं शिजवा. उरलेली उकळत्या पाण्यात एकच मिनिट ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. दोन्ही वाट्या शेजारी मांडा आणि एक शेवाळी, दुसरी हिरवीगार का, ते मुलांनाच विचारा. झाकणामुळे पानांतली आम्लं आतच कोंडतात, त्यांनी हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा शेवाळी होतो. तिसऱ्या दिवशी जांभळा कोबी: वाटीभर चिरून दोन वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. गाळलेल्या पाण्यात लिंबू घातलं की गुलाबी, सोडा घातला की निळं, जास्त पडला की हिरवट.

हे सगळं दिसायला दिवा चांगला हवा. हिवाळ्यात तुमच्याकडे चारलाच अंधारतं आणि पिवळ्या बल्बखाली नेव्ही ब्लू आणि काळा सारखेच दिसतात. टेबलावर 4000 केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या प्रकाशाचा, बल्ब लावा; खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा जास्त बघून घ्या.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. मुलाने लाल-हिरव्यात गल्लत केली तर हसू नका, डोळे तपासून घ्या; रंगांधत्व मुलग्यांत बरंच जास्त असतं. आणि रंगाचं बोलणं 'उन्हात काळी पडलीस गं' याकडे वळू देऊ नका. आपल्या घरांत ही खोड मुरलेली आहे आणि शाळेत आधीच वेगळ्या दिसणाऱ्या पोरीला ती फार लागते. त्यापेक्षा क्रेयोला या खडूंच्या कंपनीने 2020 मध्ये काढलेले त्वचेच्या 24 छटांचे खडू आणा आणि घरातल्या प्रत्येकाच्या हाताशी जुळवून बघा, बाबांच्यासुद्धा.

परीक्षा मात्र घेऊ नका. आमच्या घरी अबोली, डाळिंबी, मोरपंखी, आमसुली हे रंग मुलं जेवताना साड्यांच्या गप्पांतून शिकली, पाठांतराने नाही. म्हणूनच तुमच्या मराठी शाळेच्या प्रश्नाला वेगळं उत्तर देत नाही. रविवारी तास-दीड तास सहज निघत असेल तर मुलांना शाळेत घाला, नसेल तर राहू द्या.

सासूबाईंच्या प्रवासविम्याचं म्हणाल, तर पॉलिसीत आधीपासूनचा मधुमेह आणि रक्तदाब धरले आहेत का, तेवढं तिकीट काढायच्या आधी वाचा.