ब्रोकरच्या अ‍ॅपवरून म्युच्युअल फंड: तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: मंगळवारी दुपारी अडीचला यूपीआयने पैसे भरले, तरी एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची त्या दिवसाची किंमत) बुधवारची लागली. ब्रोकरची चूक म्हणायची का?

बहुधा नाही. इक्विटी (शेअर बाजारातल्या) फंडाची त्याच दिवसाची एनएव्ही मिळण्याची मुदत दुपारी तीनची खरी, पण ती तुमच्या बँकेतून पैसे वजा होण्याची नव्हे. १ फेब्रुवारी २०२१पासून, रक्कम लहान असो वा मोठी, पैसे फंडाच्या खात्यात कधी पोहोचले यावर एनएव्ही ठरते. अ‍ॅपवरून भरलेले पैसे आधी एक्स्चेंजच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे (व्यवहारांचे पैसे पोहोचवणाऱ्या संस्थेकडे) जातात, मग फंडाकडे. या मधल्या टप्प्यासाठी वेळ हवा, म्हणून बरेच ब्रोकर स्वतःची मुदत आधीच संपवतात. ती ऑर्डरच्या पानावर बारीक अक्षरात दिलेली असते. बाजार पडलाय म्हणून त्याच दिवशी घ्यायचे असेल, तर सकाळीच भरा. एसआयपीवाल्यांनी (ठरावीक काळाने ठरावीक हप्ता भरणाऱ्यांनी) मात्र एका दिवसाच्या फरकापायी डोके शिणवू नये.

प्रश्न: ५,००० रुपये भरले, एनएव्ही ५० रुपये. मग १००ऐवजी ९९.९९५ युनिट का?

मुद्रांक शुल्क. जुलै २०२०पासून खरेदीवर ०.००५ टक्के कापतात, म्हणजे इथे २५ पैसे.

प्रश्न: ब्रोकरच बंद पडला तर?

युनिट ब्रोकरकडे नसतातच. ती डिमॅटमध्ये (शेअर ठेवतो त्या इलेक्ट्रॉनिक खात्यात) असतील तर नोंद सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरींकडे, फोलिओ स्वरूपात (थेट फंडाकडच्या खात्यात) असतील तर कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे. आपली कुठे आहेत ते ईमेलवर येणाऱ्या एकत्रित खातेउताऱ्यात (सीएएस) दिसते. हे आजच पाहून ठेवा, कारण पुढची वाट त्यावर ठरते. फोलिओतली युनिट फंडाच्या वेबसाइटवरून किंवा एमएफ सेंट्रल या सर्व फंडांच्या सामाईक पोर्टलवरून थेट विकता येतात. डिमॅटमधली तिथे विकता येत नाहीत. दुसऱ्या ब्रोकरकडे स्वतःच्याच नावाचे डिमॅट उघडून तिकडे हलवावी लागतात. नाव आणि पॅन तेच असल्याने ही विक्री ठरत नाही, कर नाही. एसआयपी मात्र आपोआप नव्या ब्रोकरकडे जात नाही. जुना मँडेट (खात्यातून हप्ता कापण्याची बँकेला दिलेली परवानगी) रद्द करून नव्या ठिकाणी नवा द्यावा लागतो. लोक नेमके हेच विसरतात.

प्रश्न: पत्नीच्या नावे फंड, पैसे माझ्या खात्यातून. चालेल?

नाही. पैसे गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या, नोंदवलेल्या खात्यातूनच यायला हवेत. नाहीतर ऑर्डर नाकारली जाते. आधी तिच्या खात्यात पाठवा.

प्रश्न: एजंटकडून घेतलेला रेग्युलर (कमिशन जाणारा) प्लॅन डायरेक्टमध्ये (बिनकमिशनच्या) बदलायचा आहे. नुसते ‘स्विच’ दाबले की झाले?

होते, पण करदृष्ट्या ती विक्री आणि नवी खरेदी. समजा इक्विटी फंडात ४ लाखांचे ६ लाख झाले, सगळी युनिट वर्षापेक्षा जुनी आणि वर्षभरात दुसरा असा नफा नाही. २ लाखांच्या नफ्यातले सव्वा लाख करमुक्त. उरलेल्या ७५,००० वर १२.५ टक्के, म्हणजे ९,३७५ रुपये आणि वर उपकर. थोडी युनिट मार्चमध्ये, थोडी एप्रिलमध्ये बदलली, तर दोन आर्थिक वर्षांची सूट मिळून हा कर वाचू शकतो. मात्र अर्धी युनिट म्हणजे अर्धाच नफा, असे धरू नका. सर्वांत जुनी युनिट आधी विकली असे मानतात, आणि ती बहुधा स्वस्तातली असतात. एसआयपीचे गेल्या वर्षभरातले हप्ते तूर्त राहू द्या; त्यांवर बहुतेक इक्विटी फंडांत १ टक्का एक्झिट लोड (लवकर बाहेर पडण्याचे शुल्क) आणि नफ्यावर २० टक्के कर बसतो. नवे हप्ते मात्र आजपासूनच डायरेक्टमध्ये वळवा, त्याला काहीच खर्च नाही.