बाबांच्या जुन्या फोनातलं अ‍ॅप नवीन फोनात कसं आणू?

प्रश्न : नमस्कार, आम्ही देवगडचे. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या अँड्रॉइड 4.4 च्या फोनात एक हिशोबाचं अ‍ॅप आहे, त्यात बागेच्या आठ वर्षांच्या नोंदी आहेत, कुठल्या कलमाला मोहोर कधी आला, फवारणी कधी केली, वाशीला किती पेट्या गेल्या, सगळं. ते अ‍ॅप आता प्ले स्टोअरवर नाही, आणि एपीके (म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल) मिळवून अँड्रॉइड 14 च्या नवीन फोनात टाकली तर इन्स्टॉलच होत नाही. काही करता येईल का? आणि भाऊ विचारतोय, कीपॅडच्या फोनातले गेम नवीन फोनात चालतात का?

उत्तर : होण्यासारखं आहे, पण आधी हात जोडून सांगते, त्या फोनला रिसेट मारू नका आणि अ‍ॅप काढून परत टाकायचा प्रयोग तर अजिबात नको. एपीके म्हणजे नुसती रिकामी वही, बाबांनी लिहिलेलं फोनच्या आत वेगळं साठवलेलं असतं आणि अ‍ॅप काढलं की तेही पुसलं जातं. माझ्या आत्याचा फोन चार्ज होईना म्हणून दुरुस्तीला दिला होता, फक्त चार्जिंगचा पॉइंट बदलायचा होता, दुकानात न विचारता रिसेट मारला आणि तिच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या गेल्या, त्यांची कुठेच कॉपी नव्हती.

आता फोन बघा. मागचं झाकण उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगलीय, चार्जिंगला लावू नका, बॅटरी बदलून घ्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने पॉइंटला हिरवट गंज चढतो, फोन बंद करून मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने साफ करा. फोन सुरू झाला की आधी अ‍ॅपमध्ये एक्सपोर्ट किंवा बॅकअप आहे का बघा, सीएसव्ही फाइल निघाली तर ती एक्सेलमध्ये उघडते, अर्धं काम तिथेच झालं. नसेल तर कंटाळा न करता पान न पान स्क्रीनशॉट काढा, कारण पुढचं फसलं तरी नोंदी राहतील.

नवीन फोन अडतो त्याला कारण आहे. अँड्रॉइड 6.0 पासून, म्हणजे 2015 पासून, अ‍ॅपला कॅमेरा, कॉन्टॅक्ट वगैरेंची परवानगी त्या त्या वेळी मागावी लागते, त्याआधीच्या अ‍ॅपना इन्स्टॉल करतानाच सगळं मिळून जायचं, आणि याचा फायदा घ्यायला व्हायरसवाले मुद्दाम जुन्या पद्धतीची अ‍ॅप बनवायचे. म्हणून 2023 च्या अँड्रॉइड 14 ने 6.0 च्या आधीच्या पद्धतीची अ‍ॅप नव्याने टाकणं बंद केलं. कॉम्प्युटरवरून एडीबीने, म्हणजे केबलने जोडलेल्या फोनला कमांड देणाऱ्या टूलने, मात्र टाकता येतं, इन्स्टॉलच्या कमांडला 'बायपास लो टार्गेट एसडीके ब्लॉक' हा पर्याय जोडायचा, इंग्रजीत, सुरुवातीला दोन हायफन आणि शब्दांमध्ये एकेक. दोन्ही फोनवर बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन उघडा आणि यूएसबी डीबगिंग चालू करा. एपीके बाबांच्याच फोनातून काढा, कुठल्याही साइटवरची नको. मग एडीबी बॅकअपने जुन्या फोनातून डेटा घ्यायचा आणि एडीबी रिस्टोरने नव्यात भरायचा, अ‍ॅप बनवणाऱ्याने बॅकअप बंद ठेवला नसेल तर हे जमतं. नवीन फोनात अ‍ॅप उघडून लगेच बंद पडलं तर अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर आहे, त्यात 4.4 चाच फोन कॉम्प्युटरवर उभा करता येतो. ती बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर आणि बहिणीकडे, अशी दोन ठिकाणी ठेवा, एकाच घरात नको, पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

भावाला सांगा, गेमची जार फाइल मेमरी कार्डवरून किंवा ब्लूटूथने नव्या फोनात घे आणि जेटूएमई लोडर या फुकट अ‍ॅपमध्ये उघड. स्क्रीनचा साइज 240 बाय 320 ठेवायचा, कीपॅड खाली स्क्रीनवरच येतो.